ज्याने लिहिलं त्याने आत उभं राहायचं

आमच्या लॅबमधल्या टेस्टिंगच्या कीबोर्डला एफचं बटण नव्हतं. तुटलं नव्हतं, मॅडमनी ते स्वतः उचकटून काढलं होतं. त्या जागी रबराचा एक बारीक ठोंब उरला होता. एफ टाइप करायचाच असेल तर पेनाचं टोपण उलटं धरून त्या ठोंबावर दाबावं लागायचं. नवा माणूस आला की आधी कीबोर्ड आणि मग मॅडमकडे बघायचा.

"मॅडम, हे बटण?"

"माझ्याकडे आहे."

"पण का?"

"तुला विचार करायला तेवढाच वेळ मिळेल."

मशीनला एखादा हुकूम दिला आणि ती नाही म्हणाली, तर हुकमाच्या शेवटी एफ लावून तोच पुन्हा देता येतो. एफ म्हणजे फोर्स. तुझं नको असलं तरी कर. मॅडमच्या मते जगात जेवढी वाट लागते ती त्या एका अक्षराने. मशीन नाही म्हणते तेव्हा ती आपल्याला काहीतरी सांगत असते, आणि आपण ऐकायच्या ऐवजी तिच्या कानाखाली वाजवतो, असं त्या म्हणायच्या.

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चौथ्या मजल्यावर आमच्या कंपनीचा गाळा होता. खाली पॉलिशचा कारखाना, त्याची पावडर आमच्या चहावर तरंगायची. आम्ही लिफ्टसाठी डबे बनवायचो. डबा म्हणजे एक छोटा संगणक. लिफ्ट कुठल्या मजल्यावर न्यायची, दार कधी उघडायचं, दारात कोणी उभं आहे का, हे तो ठरवायचा. त्या संगणकाच्या गाभ्यात एक प्रोग्राम सतत चालू असतो, त्याला कर्नल म्हणतात. सगळी सत्ता त्याच्याकडे. आणि कर्नल चालू असतानाच, मशीन बंद न करता, त्यात एखादा नवा तुकडा आत घालता येतो किंवा जुना बाहेर काढता येतो. त्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. लिफ्टच्या दाराचं एक मॉड्यूल, बटणांचं एक, वजनाचं एक. आमचं काम ते लिहायचं, आणि मॅडमचं काम आम्हाला ते घालू न देण्याचं.

त्या आम्हाला हे शिकवायच्या ते त्यांच्या लहानपणच्या खोलीवरून. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं, आणि घर म्हणजे एकच खोली. "एका खोलीच्या घरात पाहुणा आला की तो ओटीवर थांबत नाही रे. चुलीपाशीही तोच, देवापाशीही तोच, आईच्या पेटीपाशीही तोच. कर्नल म्हणजे एका खोलीचं घर. आतमध्ये भिंती नाहीत. एकदा आत घेतलास की त्याला कुठलीच वस्तू लांब नाही."

"आणि दुसऱ्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल घातलं तर?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"तर त्या पाहुण्याच्या डोक्यात दुसऱ्याच कोणाचं घर असतं. त्याला वाटतं मिठाचा डबा वरच्या फळीवर. आपल्या घरात तिथे रॉकेल असतं. तो बिचारा मनापासून आमटीत रॉकेल ओततो."

मॅडम भित्र्या होत्या. मी हे निंदा म्हणून लिहीत नाही, त्या स्वतः तसं सांगायच्या. कुठेही गेल्या की दुसरं दार शोधायच्या. हॉटेलात बसायच्या तर मुदपाकखान्याच्या दाराकडे तोंड करून. आमच्यातल्या एकाचं लग्न बोरिवलीच्या हॉलमध्ये होतं; अक्षता टाकायच्या आधी त्यांनी सगळा हॉल पालथा घातला आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला स्टेजवर जाऊन सांगितलं, "मागे दार आहे, पण त्याला कुलूप आहे. लग्न तुझं आहे, उघडून घे." कोणी घरी बोलावलं तर उत्तर ठरलेलं: "येते. निघायचं किती वाजता?"

आणि लिफ्टची तर त्यांना प्रचंड भीती. चौथ्या मजल्यावरच्या गाळ्यात रोज जिन्याने यायच्या, धापा टाकत. लिफ्टचे डबे बनवणाऱ्या कंपनीत मालकांच्या खालोखालच्या खुर्चीवर बसलेली बाई लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची ती फक्त एका कारणासाठी.

तो त्यांचा नियम होता. कुठल्याही इमारतीच्या डब्यात नवं मॉड्यूल घालायचं तर आधी लिफ्ट तळमजल्यावर आणायची, रिकामी करायची, दार उघडं ठेवायचं. मग जुनं काढायचं, नवं घालायचं. आणि पहिली फेरी होईल तेव्हा ज्याने ते मॉड्यूल लिहिलं त्याने आत उभं राहायचं. एकट्याने नाही, मॅडम सोबत असायच्या. डोळे मिटून, दांडा घट्ट धरून, कपाळावर घाम.

"एवढी भीती वाटते तर येता कशाला?" मी एकदा न राहवून विचारलं.

"वाटते म्हणूनच. ज्याला वाटत नाही त्याला मी लिफ्टच्या आसपास फिरकू देणार नाही."

माझं यावर त्यांच्याशी भांडण होतं. मी ज्या घरात वाढले तिथे पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा कंत्राटी सफाई कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे, आणि मी शाळेतून आले की त्यांच्या घड्या घालायचे. त्या प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे 'भिऊ नका' हे दोन शब्द ठळक असायचे. भीती ही मालकाची हत्यारं ठेवायची जागा आहे, असं बाबा म्हणायचे. मी तेच मॅडमना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझे बाबा माणसाला भिऊ नका म्हणतात. बरोबर आहे. मी माणसाला भीत नाही. मी मशीनमध्ये माणूस काय करून ठेवेल त्याला भिते."

दुसरं भांडण गाऱ्हाण्याचं. लॅबमध्ये नवं मॉड्यूल आत सोडायच्या आधी मॅडम उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या आणि मालवणीत चक्क गाऱ्हाणं घालायच्या. कोकणात देवासमोर घालतात तसं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान एक नवो तुकडो बांधल्यान हा."

"व्हय म्हाराजा!" सगळी लॅब ओरडायची. गुजराती, भय्ये, सगळे.

"तो ह्याच घरासाठी बांधलेलो हा, दुसऱ्या खयच्या घरासाठी नाय."

"व्हय म्हाराजा!"

"जुन्याच्या ताटात कोण जेवता काय ता बघून घेतलेला हा."

"व्हय म्हाराजा!"

"जसो आत जाता तसो सुखान भायर काढूची वाट ठेवलेली हा."

"व्हय म्हाराजा!" आणि मग कोणीतरी एंटर मारायचं.

मी गप्प राहायचे. आमच्या घरात देवाला हाक मारत नाहीत, आणि लॅबमध्ये तर मी ती मुळीच मारणार नव्हते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मॅडमनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता झापणार.

"तू म्हणू नको. पण मी काय विचारते ते ऐकलंस का नीट?"

तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. त्यात देव फक्त सुरुवातीला होता. पुढचे सगळे प्रश्न होते. आत काय घालतोय? ते कुठल्या कर्नलसाठी बांधलंय? जुनं अजून कोणी वापरतंय का? परत काढायचं कसं? गर्दीत सगळ्यांसमोर होकार द्यावा लागतो, म्हणून खोटा देताना जीभ अडखळते, एवढीच त्यातली युक्ती. त्यानंतर सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे आणि मी मोठ्याने म्हणायचे, "बघितलं!" मॅडमना ते इतकं आवडलं की माझं 'बघितलं' आल्याशिवाय त्या पुढचं वाक्य घ्यायच्या नाहीत. "आमच्यात एक देव कमी, पण डोळे दोन जास्त," असं मालकांना सांगायच्या.

एकदाच मी त्यांच्यावर खरोखर चिडले. जबरदस्तीने मॉड्यूल घातलं की कर्नल स्वतःवर एक खूण करून ठेवतो. ते मॉड्यूल नंतर काढलं तरी खूण जात नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत राहते. अशी खूण दिसली की मॅडम म्हणायच्या, "हा बाटलेला."

"हा शब्द माझ्यासमोर वापरायचा नाही," मी म्हणाले.

मालाडहून येणारा एक मुलगा होता, माझ्याच वयाचा, हुशार, घाईचा. त्याला सगळे मालाडचाच म्हणायचे. तो हळूच म्हणाला, "यार, मशीनबद्दल बोलतायत त्या."

"माझ्या आजीबद्दल पण लोक हेच म्हणायचे, मशीन असल्यासारखं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मग काय म्हणू?"

"जे झालं ते म्हणा. ह्याच्यावर कोणीतरी जबरदस्ती केलीय असं म्हणा. करणारा राहतो बाजूला आणि नाव लागतं ज्याच्यावर झाली त्याला."

त्यांनी मान हलवली. माफी वगैरे मागितली नाही. पण त्या दिवसापासून अशी मशीन आली की त्या विचारायच्या, "ह्याच्यावर कोणी जबरदस्ती केली?" आणि करणाऱ्याला उभं राहावं लागायचं.

आता टॉवरचं सांगते.

घाटकोपरची आमची वस्ती पाडून त्या जागी बिल्डरने पुनर्वसनाचा टॉवर बांधला. बाबा तो बघायला राहिले नाहीत. आईला सतराव्या मजल्यावर घर मिळालं. आईचे गुडघे गेलेले, वर दम्याचा त्रास. दोन लिफ्ट, त्यातल्या एकीच्या दारावर पहिल्या दिवसापासून प्लायवूड ठोकलेलं. चालणाऱ्या लिफ्टला डबा आमच्या कंपनीचा. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आईला मी तो उघडून दाखवला होता.

मॅडम त्या टॉवरला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मजल्यावरच्या दारांच्या तारा तपासल्या. प्रत्येक लिफ्टमध्ये एक साधी तार असते. कुठल्याही मजल्याचं दार उघडं असेल तर ती तार तुटते आणि लिफ्ट हलूच शकत नाही. तिथे संगणकाचा काही संबंध नसतो. टॉवरमध्ये त्या तारेला मधूनच जोड मारलेला होता. म्हणजे दारं सताड उघडी असली तरी तार म्हणणार, बंद आहेत.

"हे कोणी केलं?" मॅडमचा आवाज चिरकला.

मेकॅनिक वैतागलेला होता. "मॅडम, दार रोज अडकतं. लोक मला शिव्या घालतात. साहेब लोक तपासायला येतात तेव्हा काढतो ना जोड."

"आणि एरवी?"

"एरवी तुमचा डबा आहे की."

परतताना साकीनाक्याला रिक्षातून उतरताना मॅडम माझं मनगट धरून म्हणाल्या, "माका भय वाटता गो." त्या मालवणीत बोलायला लागल्या की समजायचं, भीती खरी आहे. "त्या लिफ्टमध्ये आता आपल्या मॉड्यूलच्या शब्दाशिवाय कुणाचाच शब्द नाही. ते म्हणालं दार बंद, की दार बंद." त्यांनी बिल्डरला कळवलं, मालकांना कळवलं. मालक म्हणाले, तार आपली नाही, डबा आपला.

मग त्या टॉवरच्या दाराची तक्रार आली. दार माणूस मधे असतानाच मिटायला लागलं होतं. एका म्हाताऱ्याचं कोपर सोललं. दुरुस्तीचं मॉड्यूल मालाडच्याने लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, मी वाचलं होतं. पण घाईत त्याने ते बांधलं लॅबच्या मशीनवरच्या कर्नलसाठी. टॉवरच्या डब्यातला कर्नल जुना होता. ही चूक आमच्याच धंद्यात होते: अक्षर न् अक्षर बरोबर, फक्त घर चुकलं.

नेमका त्या दिवशी टॉवरमध्ये बिल्डरचा कार्यक्रम होता, फुलं आणि पाहुणे. लिफ्ट थांबवायची नाही असं त्याने बजावलं. डब्यात सिमकार्ड होतं, तिथपर्यंत ऑफिसातून पोचता यायचं. मालक लॅबमध्ये आले.

"इथूनच घाला."

"लिफ्ट चालू असताना नाही," मॅडम म्हणाल्या. "जुनं अजून वापरात आहे. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढायचं नाही."

"जबरदस्तीने निघतं ना ते?"

"निघतं."

"मग काढा. मॅडम, तुम्ही फार घाबरता. धंदा घाबरून होत नाही."

"लिफ्टचा घाबरूनच होतो."

मालक हसले. मॅडमनी पर्स उचलली आणि त्या जिन्याने निघून गेल्या. आम्हाला वाटलं, रागावून मुलुंडला घरी गेल्या.

तासाभराने मालक मालाडच्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी म्हणाले की हे चूक आहे, मी म्हणाले की मी बिल्डिंगमध्ये फोन करते. मालक म्हणाले, तू तुझं काम कर. मालाडच्याने पेनाचं टोपण उलटं धरलं. ठोंबावर दाबलं. जुनं निघालं. नवं घालायला गेला तर मशीन म्हणाली, हे ह्या कर्नलचं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मागे मालकांकडे.

"हे पण फोर्सने कर," मालक म्हणाले. "आणि कायमचं टाकून ठेव, पुन्हा पुन्हा नको."

म्हणजे डबा कधीही चालू झाला की हेच मॉड्यूल आपोआप आत जाणार. तो टोपण ठोंबावर ठेवत होता तेव्हा माझा फोन वाजला. मॅडम होत्या. मी आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"मी टॉवरच्या लिफ्टमध्ये आहे. वॉचमन लिफ्ट थांबवत नाही, म्हणून मीच आत उभी आहे. ज्याने लिहिलं त्याला म्हणावं, इथे ये. तो येईपर्यंत मी उतरत नाही." मागून कोणीतरी बोललं, "बाई, घामाने भिजलात हो तुम्ही. घाबरू नका. मी थांबते तुमच्यासोबत, मला काही घाई नाही."

तो आईचा आवाज होता.

"थांब!" मी ओरडले. "माझी आई आहे आत!"

मालाडच्याने हात वर उचलले, पोलिसाने बंदूक रोखल्यासारखे. "यार," तो म्हणाला, "एंटर मारला मी."

स्क्रीनवर कर्सर थांबला. एरवी हुकूम पार पडला की तो पुढच्या ओळीवर येऊन लुकलुकतो. तो आला नाही. फोनमधला आवाजही गेला. मी 'हॅलो हॅलो' करत राहिले. मॅडम लिफ्टमधल्या फोनवरून बोलत होत्या, आणि तो फोन, धोक्याची घंटी, सगळं आमच्याच डब्यातून चालायचं, हे मला तेव्हा आठवलं.

लिफ्ट खाली कोसळत नाही, मला माहीत होतं. डबा गेला की ब्रेक आपोआप बसतो. मला भीती वेगळीच होती, त्या जोड मारलेल्या तारेची. मालक खिशातून फोन काढत म्हणाले, "काही नाही होत. मेकॅनिकला सांगतो, डबा बंद करून चालू करेल."

"चालू करू नका! चालू केला तर तेच मॉड्यूल परत आत जाईल!"

त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

रिक्षावाल्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. असल्फाला गाड्या अडकल्या होत्या, मी उतरून धावले. टॉवरच्या खाली तोरण, सनई, पाहुणे. वर बाराव्या मजल्यावर माणसांचा घोळका. लिफ्ट अकराव्या आणि बाराव्याच्या मधे अडकली होती. पोरांनी सळईने बाराव्याचं दार फाकवलं होतं आणि त्या फटीतून खाली लिफ्टचा वरचा भाग दिसत होता. आतलं दार आपणहून उघडून राहिलेलं. आईचा चेहरा माझ्या गुडघ्यांच्या खाली होता. ती तोंडाने श्वास घेत होती. तिने हात वर केलेला होता आणि दोन माणसं ओणवी होऊन तो धरायला बघत होती.

"ओढा, ओढा! म्हातारी हलकी आहे!"

मी लोकांना सारून पालथी पडले आणि हात खाली घातला. आईची बोटं माझ्या बोटांना लागली. तेवढ्यात ती मागे खेचली गेली. मॅडमनी तिचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. डोळे घट्ट मिटलेले.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, सोडा तिला! तिला दमा आहे!"

"आत काय घातलंय?"

"मॅडम!"

"आत काय घातलंय गो?"

"दाराचं. मालाडच्याचं."

"ह्याच घरासाठी बांधलेलं?"

"नाही. लॅबच्या."

"काढलंय?"

"नाही. कायमचं टाकलंय. डबा चालू केला की परत जाईल."

"चालू कोण करतंय?"

"मेकॅनिक. आत्ता वर मशीनरूममध्ये गेलाय. मालकांनी फोन केलाय."

"मग हात काढ," मॅडम म्हणाल्या. "वर माणूस पाठव. मेन स्विच पाडायला सांग, आणि पाडलेला धरून ठेवायला सांग. मग हात दे."

मी हात काढला. "मागे व्हा!" मी लोकांना ओरडले, एका पोराला वर पिटाळलं. कोणीतरी मला शिवी दिली. स्वतःच्या आईला वर घेत नाही, कसली मुलगी. आई खालून म्हणत होती, "अगं, दे ना हात. एवढं काय गं, दे ना."

मी दोन्ही हात काखेत दाबून धरले.

मग वर कुठेतरी टक्क आवाज झाला. मजल्याचे आकडे दाखवणारी पट्टी उजळली. आणि दोन्ही दारं उघडी असताना लिफ्ट निघाली. हळू नाही. त्या लिफ्टच्या छपराची लोखंडी कड माझ्या डोळ्यांसमोरून, आत्ता जिथे माझं कोपर होतं तिथून, बाराव्या मजल्याच्या लादीला घासत खाली गेली. एक पोरगा "आई गं" म्हणून भिंतीला चिकटला. शिवी देणारा माणूस खाली बसला. फटीत आता नुसता अंधार आणि थरथरणाऱ्या दोऱ्या होत्या.

खालून धडक ऐकू आली. मग काहीच नाही. मग मॅडमचा आवाज, खूप खालून, "हो! आहोत!"

वर पाठवलेल्या पोराने मेन पाडला होता, म्हणून ब्रेक बसून लिफ्ट मधेच थांबली होती. मेकॅनिकने हाताने चाक फिरवत लिफ्ट नवव्यावर आणली. आई बाहेर आली ती मला मिठी मारायला नाही. तिने आधी माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला, बोटं मोजल्यासारखा. मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "दुसरं दार कुठे आहे इथे?"

आईने सांगितलं ते नंतर. अडकल्यावर ती बाई कसलं तरी गाऱ्हाणं म्हणत होती. "मला काही कळेना. पण तिला कोणी उत्तर देत नाहीये असं वाटलं. मग मी आपली प्रत्येक वेळेला 'हो बाई' म्हणत होते."

पुढचं पटकन सांगते, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. डबा बंद करून चालू केला, जुनं मॉड्यूल परत घातलं. कर्नलवरची जबरदस्तीची खूण पुसली गेली. तारेचा जोड तपासणीच्या आधी निघाला आणि नंतर परत लागला. मालक म्हणाले, लाइट गेली होती. मॅडम परवानगी न घेता साइटवर गेल्या, म्हणून त्यांना काढलं. त्यांनी वाद घातला नाही. मी त्यांच्या मुलुंडच्या घरी दोनदा गेले, दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, गावी गेल्या. परत कधी येणार, ते सांगून गेल्या नाहीत. निघायची वेळ आधी विचारणारी बाई अशी गेली.

मी नोकरी सोडली. मालाडचा अजून तिथेच आहे. लॅबला नवा कीबोर्ड आणलाय. त्याला सगळी बटणं आहेत.

जुन्याचं एफ आमच्या घरी आहे. त्या दिवशी संध्याकाळी आईने मूठ उघडून दाखवलं. "त्या बाईंनी माझा हात धरला तेव्हा हे त्यांच्या मुठीत होतं. मग माझ्याकडेच राहिलं. काय आहे गं हे?" तिच्या तळव्यावर चौकोनी वळ उठला होता.

मी पत्रक लिहिलं. बाबांचा दंडक होता, पत्रकात मागणी एकच असावी. माझीही एकच आहे: ह्या लिफ्टच्या डब्यात जो कोणी नवं काही घालेल, त्याने पहिल्या फेरीला आत उभं राहावं. मी ते लिफ्टमध्ये आरशाशेजारी चिकटवते. कोणीतरी फाडतं. मी पुन्हा चिकटवते. त्यात 'भिऊ नका' हे शब्द नाहीत. मी ते लिहायला बसले होते, पण हात चालेना.

परवा आई आणि मी बाजारातून आलो. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती, दार उघडं. आम्ही आत पाय टाकणार तेवढ्यात आकड्यांची पट्टी विझली आणि क्षणभराने पुन्हा उजळली. मला ते ओळखता येतं. कोणीतरी, कुठूनतरी, डबा बंद करून चालू केला होता.

आई थांबली. एक पाय उंबऱ्यावर, भाजीची पिशवी हातात.

"आत काय घातलंय?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही, आई."

तिने पाय मागे घेतला. पिशवी माझ्याकडे दिली, जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि सतराव्या मजल्याकडे एकदा मान वर करून बघितलं.

"मग चल," ती म्हणाली.